उत्तन रोड, पहाटेचा अंधार आणि आमच्या लायटी

सायकलवाल्यांकडे किस्से फार, असं लोक म्हणतात. तसं काही नाही. सायकलीचे किस्से थोडेच असतात. पंक्चर झालं, चालत घरी आलो, संपलं. किस्से होतात ते लाइटीचे. सायकल माणूस एकदा घेतो आणि वर्षानुवर्षं रेटतो. लाइट मात्र सारखी घेत असतो. आधी स्वस्तातली घेतो, ती बंद पडते. मग जरा बरी घेतो, ती कुठेतरी विसरतो. मग दुकानदाराशी भांडतो, सेल बदलतो, बायकोची बोलणी खातो. आमच्या चौघांचं गेल्या काही वर्षांत एवढं साठलंय, की उत्तनला पोचून चहा घेताना कोणीतरी "ती लाइट आठवते?" म्हणालं की परत निघायला उशीर होतो.

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगते. मी मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. नीलेश मीरा रोडचाच, विम्याचं काम करतो. सावे काका भाईंदर पश्चिमेला राहतात, सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, अंगाने काडी. आणि जनार्दनभाऊ पाटील मुर्धा गावचे, भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात वेल्डिंग करतात. आठवड्यातले दोन-तीन दिवस आम्ही पहाटे भाईंदर पश्चिमेला भेटतो आणि मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनपर्यंत जाऊन येतो. नंतर डबे असतात, नोकऱ्या असतात, म्हणून निघायचं अंधारातच. मुर्ध्यापर्यंत रस्त्यावर उजेड असतो. पुढे खांब विरळ होतात, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खारफुटी, आणि मग ज्याची त्याची लाइट.

*

पहिली लाइट नीलेशने घेतली. ऑनलाइन मागवली. खोक्यावर एवढे आकडे छापले होते, की ते खरे असते तर ती लाइट सायकलवर नाही, विमानतळावर बसवायला हवी होती. पण उजेड खरंच जबरदस्त. नीलेश खुश. त्याने ती हँडलवर बसवली, अगदी सरळ समोर बघणारी, आणि राईच्या पुढे आमच्या सगळ्यांच्या पुढे जाऊन ऐटीत चालवायला लागला.

समोरून उत्तनकडून मासळीचा टेम्पो येत होता. भाईंदरच्या बाजाराला निघालेल्या कोळणी त्यात पाट्या घेऊन बसलेल्या. टेम्पोवाल्याने आधी दोनदा डिपर मारला. नीलेशला वाटलं, तो कौतुक करतोय. टेम्पो हळू झाला, रस्त्याच्या कडेला आला आणि थांबलाच. ड्रायव्हर डोळे चोळत बसून राहिला. मागून एक बाई उतरली, तरातरा आली आणि तिने नीलेशच्या लाइटीवर आपला पंजा ठेवला. रस्त्यावर एकदम अंधार.

"आमची आरती करतंस का?" ती म्हणाली. "खाली कर ती लाइट. त्याला रस्ता दिसत न्हाय, आमी सगल्या खाडीत गेलो असतो."

नीलेश सॉरी म्हणाला. बाईने स्वतःच्या हाताने लाइटीचं तोंड खाली दाबलं, पुढच्या चाकापासून थोड्या अंतरावर उजेड पडतोय हे बघितलं आणि परत टेम्पोत जाऊन बसली.

आजही आमच्यात कोणी नवीन लाइट लावली, की तिचं तोंड जमिनीकडे आहे ना, एवढंच आधी बघतो. नीलेशच्या लाइटीला मात्र मासळीचा वास आठवडाभर येत होता.

*

सावे काकांचं तत्त्व असं, की घरात सेल असताना नवीन सेल आणायचा नाही. त्यांची लाइट पेन्सिल सेलवर चालणारी. टीव्हीच्या रिमोटमधले काढले, ते संपले. मग भिंतीवरच्या घड्याळातले काढले. लाइट घरी छान लागायची आणि राई येईपर्यंत काजव्यासारखी व्हायची.

भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या तोंडाशी भरतभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नीलेशची ती पहिली सोडली तर आमच्या सगळ्या लायटी तिथूनच येतात आणि तिथेच परत जातात. भरतभाई स्वतः सायकलवर बसत नाहीत. ते म्हणतात, तुम्ही पडता म्हणून मला धंदा आहे, मी कशाला पडू. काकांनी त्यांना विचारलं, की घड्याळात वर्षभर चालणारा सेल लाइटीत अर्धा तासही का चालत नाही.

भरतभाई म्हणाले, "काका, घड्याळ थोडं थोडं खातं. लाइट एकदम जेवायला बसते. तिला अल्कलाइन द्या."

काका मनाविरुद्ध अल्कलाइन सेल घेऊन गेले. पुढच्या दोन पहाटा त्यांची लाइट इतकी चांगली चालली, की ते मुद्दाम पुढे राहिले. तिसऱ्या वेळी राईला पुन्हा काजवा. काका चिडले. उजाडल्यावर घरी न जाता थेट दुकानाशी जाऊन बसले आणि भरतभाईंनी शटर वर करताच सेल काउंटरवर ठेवले. भरतभाईंनी मीटर लावला, सेल उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, की हे माझे सेलच नव्हेत, हे साधे आहेत.

काका घरी गेले. काकू नाश्त्याचे पोहे भिजवत होत्या. काकांनी विचारलं, लाइटीतले सेल कोणी बदलले. काकूंनी हात न थांबवता सांगितलं, की मी बदलले. घड्याळ सारखं मागे पडत होतं म्हणून तुमचे चांगले सेल तिकडे घातले.

"अगं, ते लाइटीचे होते."

"घड्याळ दिवसरात्र चालतं," काकू म्हणाल्या. "तुमची लाइट तासभर. चांगला सेल कोणाला द्यायचा?"

काकांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही काकांची बाजू घेऊ, असं त्यांना वाटत होतं. जनार्दनभाऊ म्हणाले, "बाय बरोबर बोलते." विषय संपला.

*

सेलचा हा त्रास बघून मी चार्जिंगवाली लाइट घेतली. मोबाइलच्याच वायरवर चार्ज होते, सेलची भानगड नाही. फक्त एक अडचण होती. सायकल खाली पार्किंगमध्ये आणि लाइट वर घरात, चार्जिंगला. पहाटे मी सायकलपाशी पोचले की लाइट वरच राहिलेली असायची. लिफ्ट पहाटे कधी चालू, कधी बंद. शेवटी मी वॉचमनला विचारून त्याच्या केबिनमध्ये लाइट चार्जिंगला ठेवायला लागले.

महिन्याच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय काढला. आमच्या सोसायटीत सगळ्या भाषांची माणसं आहेत, त्यामुळे भांडण हिंदीत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "आज लाइट है, कल स्कूटर चार्ज करेंगे, परसों पूरा घर." एक म्हणाले की कॉमन मीटर आहे, तत्त्वाचा प्रश्न आहे. दुसरे म्हणाले, वॉचमनचा पंखा मग कोणाच्या मीटरवर चालतो. तिथून पंख्यावर गेलं, पंख्यावरून लिफ्टवर, लिफ्टवरून कोणाच्या तरी कुत्र्यावर. माझी लाइट इतकीशी, तळहातावर मावणारी. ती टेबलावर मध्ये ठेवली होती आणि सगळे तिच्याकडे बघून बोलत होते.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एका समजूतदार बाईंनी तोडगा काढला. चार्जिंग करू द्यायचं, पण वीज गेली की पंपाच्या खोलीत अंधार होतो, तेव्हा प्लंबरला ही लाइट वापरायला द्यायची. मी लगेच हो म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंप आमच्याकडे सारखाच बिघडतो. प्लंबरला ती लाइट फार आवडली. मग गच्चीवरची टाकी बघायला नेली, मग गटाराचं झाकण उघडलं तेव्हा नेली. वॉचमन ती रजिस्टरशेजारी खिळ्याला टांगून ठेवतो. परवा मी पहाटे घ्यायला गेले तर नवीन वॉचमन होता. तो मला म्हणाला, "मॅडम, ये सोसायटी का है. सेक्रेटरी से पूछना पड़ेगा."

मी आता दुसरी घेतली आहे. ती वरच विसरते.

*

मागच्या लाल लाइटीचा किस्सा नीलेशचा. ती छोटी, क्लिपवाली, शर्टालाही लागते. स्टेशनपाशी सायकल लावली तर लोक ती काढून नेतात, म्हणून नीलेशला सवय लागली, की सायकल लावायची, लाइट काढायची, खिशात टाकायची.

भरतभाईंच्या घरातलं कोणी वयस्कर वारलं. भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये प्रार्थनासभा होती. आम्ही गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यात, समोर हार घातलेला फोटो, हळू आवाजात भजन. नीलेश सायकलवरून थेट आला, पांढरा झब्बा घालून, आणि पुरुषांच्या रांगेत मांडी घालून बसला. बसताना त्याच्या दंडाचा दाब खिशावर पडला असणार.

मी बायकांच्या बाजूला होते, मला समोरून दिसत होतं. नीलेशच्या छातीत लाल उजेड लागत होता आणि विझत होता. झब्बा पातळ. त्याच्या लक्षातच नव्हतं, तो डोळे मिटून बसला होता. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा त्याने खाली बघितलं आणि वरूनच बटण दाबलं. लाइट बंद व्हायच्या ऐवजी भराभर लुकलुकायला लागली. पुन्हा दाबलं, तर लाटेसारखी कमीजास्त व्हायला लागली. ह्या लायटींचं असंच असतं. साधं दाबलं की पॅटर्न बदलतो आणि बंद करायला बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. नीलेशला ते माहीत होतं, पण त्या घटकेला आठवलं नाही. त्याने सगळे पॅटर्न एकदा दाखवले आणि शेवटी दोन्ही हात छातीवर घट्ट धरून बसला.

भरतभाईंच्या आत्या, पुढच्या खुर्चीवर बसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या वाकल्या आणि अगदी मायेने विचारलं, "भाई, आ मशीन क्यारे बेसाड्युं?"

म्हणजे छातीत हे मशीन कधी बसवलं. नीलेशने माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. लाइट आहे म्हणून सांगायला खिशातून काढावी लागली असती.

"पिछले साल, बा," तो म्हणाला.

आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून त्या दुकानात असल्या आणि नीलेश सेल घ्यायला गेला, की त्याला खुर्ची देतात, आणि जिना चढू नको म्हणून सांगतात.

*

जनार्दनभाऊंनी मात्र कधीच लाइट लावली नव्हती. आमच्याबरोबर पहाटे येताना ते मध्ये राहायचे, पुढून-मागून आमचा उजेड. पण कारखान्यातून संध्याकाळी मुर्ध्याला एकटेच जायचे, तेही तसेच. मी कितीदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "लहानपनापासून ह्याच रस्त्यान जातोय. रस्ता मना पाठ हाय. लाइट कशाला?"

मी म्हणायचे, भाऊ, लाइट तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नसते, तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून असते. त्यावर ते नुसते हसायचे.

मागच्या श्रावणातली गोष्ट. कारखाना सुटून ते घरी निघाले होते. अंधार पडलेला, पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता काळा कुळकुळीत. मुर्ध्याच्या अलीकडे मागून एक स्कूटर आली आणि त्यांच्या मागच्या चाकावर आदळली. भाऊ रस्त्याच्या कडेला खडीवर पडले. स्कूटरवर एक मुलगी होती, नर्स, ड्युटीवरून घरी चालली होती. ती पण पडली, पण तिला फार लागलं नाही. ती उठली, हेल्मेट काढलं आणि भाऊंचा खांदा बघितल्या बघितल्या म्हणाली, की हात हलवू नका. आपली ओढणी काढून तिने त्यांचा हात गळ्यात बांधला, रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात घेऊन गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ कॉटवर होते. गावातली माणसं जमली होती आणि त्या मुलीला घेरून बोलत होती. गाडी बघून चालवता येत नाही का, लायसन्स दाखव, वगैरे. ती भिंतीला टेकून उभी होती. हेल्मेट अजून हातातच होतं.

भाऊंनी तिथून हाक मारली. बोलताना दुखत होतं त्यांना.

"तिला सोडा," ते म्हणाले. "तिची चूक न्हाय. मी तिला दिसलोच न्हाय."

गावातल्या माणसांनी मग तिला बसायला स्टूल दिलं, कोणीतरी चहा आणला.

हाड जुळायला पुष्कळ दिवस गेले. मुलगी दोनदा घरी येऊन खांद्याचा पट्टा बघून गेली. भाऊंच्या बायकोने तिला सुक्या जवळ्याची पिशवी दिली. भाऊ पुन्हा सायकलवर बसणार त्याच्या आदल्या दिवशी ती आली आणि एक लाल लाइट देऊन गेली, चांगल्यातली, पावसात चालणारी.

ते पहिल्यांदा परत आले त्या पहाटे मी बघितलं. मागे लाल लाइट लागलेली, क्लिप लावून वर दोरीने पक्की बांधलेली. पुढे काहीच नाही. मी विचारलं, भाऊ, पुढची कुठे.

"पुढचा रस्ता पाठ हाय," ते म्हणाले. "मागचा न्हाय."

*

गेल्या थंडीत सावे काका लाइट मंद पडते म्हणून कुरकुर करायला लागले. आम्हाला वाटलं, पुन्हा घड्याळाचे सेल. तसं नव्हतं. त्यांनी नवीन सेल घातले, तरी तेच. मग चार्जिंगवाली घेतली. ती बदलून दुसरी घेतली. भरतभाई प्रत्येक वेळी लाइट तपासायचे, ठीक आहे म्हणायचे आणि काकांचा चेहरा बघून तरीही बदलून द्यायचे. शेवटी काकांनी दुकानातली सगळ्यात मोठी लाइट नेली. ज्या माणसाने रिमोटमधले सेल काढले, त्याने.

त्यानंतरच्या पहाटे आम्ही राई सोडून पुढे आलो होतो. डाव्या हाताला मिठागरांचं पाणी, वर थोडं धुकं. काका मध्येच थांबले. उतरले, लाइट काढली आणि माझ्या हातात दिली.

"बघ," ते म्हणाले. "हीपण गेली. काही पडतच नाही उजेड."

मी ती हातात धरली. उजेड समोर रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत गेला होता. पानं दिसत होती. नीलेश "अहो काका, ही तर—" असं म्हणाला आणि थांबला. जनार्दनभाऊंनी सायकल स्टँडला लावली.

मी विचारलं, काका, तुम्हाला काय काय दिसतंय.

"समोरचं दिसतं," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बाजूचं नाही."

त्या दिवशी आम्ही उत्तनला गेलो नाही. काकांना मध्ये घेऊन हळूहळू परत आलो. नीलेश पुढे, मी मागे, जनार्दनभाऊ त्यांच्या उजव्या हाताला. घरी काकूंनी दार उघडलं. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की बरेच दिवस हे चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवतायत, खाली पडतो. "मला वाटलं, वय झालं," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. जी नजर गेली ती परत येत नाही, राहिली आहे ती थेंबांनी टिकवायची, रोज न चुकता. अंधारात सायकल बंद. डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांनी काकांना दोनदा समजावून सांगितलं. काकांनी फक्त विचारलं, की लायटीने काही फरक पडला असता का. त्या नाही म्हणाल्या.

काकांनी घरातल्या सगळ्या लायटी कापडी पिशवीत भरल्या आणि भरतभाईंच्या दुकानात नेऊन काउंटरवर ठेवल्या. मी बरोबर होते.

"घे," काका म्हणाले. "तुझ्या लायटी चांगल्या होत्या रे. मी उगाच तुझ्याशी भांडलो."

भरतभाईंनी पिशवी उचलली, आत ठेवली आणि ते बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं.

*

आम्ही तिघं जात राहिलो, पण मजा गेली. उत्तनला चहा पिऊन लगेच परत निघायचो.

काही आठवड्यांनी भरतभाईंनी मला दुकानात बोलावून घेतलं. आवाज खाली करून म्हणाले, की सावे काकू आल्या होत्या. त्या पिशवीतल्या लायटी मागत होत्या, एक पुढची, एक मागची. भरतभाई आधी नाही म्हणाले, कारण काका गुपचूप सायकल काढतील. तर त्या म्हणाल्या, "मला दे. त्यांना कोण देतंय?" मग काय करणार, भरतभाईंनी दिल्या. मला काळजी वाटली. मी काकांच्या घरी फोन केला, काकूंनीच उचलला, म्हणाल्या सगळं ठीक आहे, थेंब वेळेवर घालते, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे आम्ही मुर्धा ओलांडलं. पुढे लांब एक लाल लाइट दिसली. नीलेश म्हणाला, कोणीतरी चालतंय, कारण ती सायकलच्या सीटखाली असते तेवढ्या उंचीवर नव्हती, बरीच वर होती. पण चालणाऱ्यापेक्षा तिचा वेग जास्त होता. आणि ती एका जागी नव्हती, थोडी डावीकडे जायची, थोडी उजवीकडे. मी जनार्दनभाऊंकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

आम्ही जोर लावून जवळ गेलो. आमच्या लायटींचा उजेड आधी सावे काकांच्या चेहऱ्यावर पडला. चेहऱ्यावर, कारण ते आमच्याकडे तोंड करून बसले होते. जुनी लेडीज सायकल, तिला मागे दणकट स्टीलचं कॅरिअर, नवीन वेल्डिंग केलेलं. त्या कॅरिअरवर उशी, उशीवर उलटं तोंड करून काका, आणि त्यांच्या हातात लाल लाइट. पुढे, पंजाबी ड्रेस आणि बूट घालून, ताठ बसून काकू पॅडल मारत होत्या. हळू, पण एका लयीत.

"लायटी खाली करा रे," काका म्हणाले. "मला समोरचं दिसतं."

आम्ही खाली केल्या. नीलेशने काकूंच्या बाजूला सायकल घेतली आणि विचारलं, की काकू, तुम्हाला सायकल कधीपासून येते. काकूंनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की रोह्याला माहेर, शाळा लांब होती, धाकट्या भावाला मागे बसवून रोज न्यायची. तो ह्यांच्यापेक्षा जड होता.

"चाळीस वर्षांत मला एकदा बोलली नाही," काका मागून म्हणाले.

"विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या.

आम्ही पाचही जण एका ओळीत जात राहिलो. राईपाशी रस्ता उजवीकडे वळतो, तिथे मागून एक टेम्पो येत होता. काकांनी तो आमच्या आधी बघितला. त्यांनी लाल लाइट धरलेला हात वळणाच्या बाजूला लांब केला आणि तसाच धरून ठेवला. टेम्पो हळू झाला.

नीलेश म्हणाला, "काका, हे काय?"

"इंडिकेटर," काका म्हणाले.

"हलू नका हो," पुढून काकू म्हणाल्या. "तोल जातो."